‘गोष्ट नको, खरं काय ते सांग’ म्हणणाऱ्या मुलाला काय वाचून दाखवायचं?

पत्र थोडक्यात असं: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. राजाची किंवा बोलणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट सुरू केली की थोड्या वेळाने विचारतो, "आई, हे खरं आहे?" नाही म्हटलं की उठून जातो. पण मुंग्या, जेसीबी, खाणीवरचे ट्रक, समुद्राच्या तळाला काय असतं असलं काही असेल तर जागचा हलत नाही. सासूबाई म्हणतात, गोष्टी ऐकल्या नाहीत तर पोर कोरडं होईल, संस्कार कुठून येणार. नवरा म्हणतो बरंच आहे की, जनरल नॉलेज वाढेल, पुढे स्पर्धा परीक्षांना कामाला येईल. ताईंना रविवारी संध्याकाळी वाड्यावरची मुलं देवळाच्या मंडपात जमवून वाचन सुरू करायचंय, त्यात काही मुलं मराठी शाळेतली, काही इंग्लिश मिडियमची, घरी बहुतेकांच्या कोकणी. अडचण ही की मराठीत अशी पुस्तकं दिसतच नाहीत, इंग्लिश महाग पडतात, आणि एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विकतच्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकतं त्या वापराव्यात का हेही त्यांनी विचारलंय. मुख्य प्रश्न मात्र हा की मुलाला गोष्टींकडे वळवायचं कसं.

ताई,

नका वळवू. म्हणजे गोष्टी बंद करा असं मी म्हणत नाहीये, आजी सांगतेय तर सांगू दे, घरात गोष्टींची पुस्तकं असतील तर हाताशी राहू देत, पण मूल चुकीच्या वाटेला लागलंय आणि त्याला धरून परत आणायचंय असा जो सूर तुमच्या पत्रात पहिल्यापासून आहे तो आधी सोडून द्या. "हे खरं आहे का" हा प्रश्न सात वर्षांच्या पोराने विचारणं ही मला तरी फार आनंदाची बाब वाटते, कित्येक मोठी माणसं व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलताना हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. तो उठून जातो म्हणजे त्याला वाचन आवडत नाही असंही नाही. त्याला हवं ते वाचायला अजून कोणी दिलेलं नाही इतकंच.

सासूबाईंची काळजी मात्र उडवून लावू नका. त्यांना जे हवंय ते खरंच महत्त्वाचं आहे, पोराच्या मनात माया यावी, दुसऱ्याचं दुःख त्याला कळावं. फक्त ते बोलणाऱ्या कोल्ह्यामुळेच येतं का, एवढंच मला त्यांना विचारायचंय. समुद्रकासवांवरचं एखादं चित्रांचं पुस्तक मिळवा आणि त्यांच्यासमोर नातवाला वाचून दाखवा. आपल्याकडे मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूत वर चढते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू सारखी करते आणि पाण्यात निघून जाते, परत मागे बघायला येत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात आणि जिथे जास्त उजेड दिसेल तिकडे धावत सुटतात, पूर्वी तो उजेड समुद्रावरचा असायचा, आता शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांचे दिवे असतात म्हणून ती उलट्या दिशेला जातात. आणि अंडी ज्या वाळूत आहेत ती गरम असेल तर माद्या जास्त निपजतात, गार असेल तर नर. एवढं वाचून गप्प बसा, काही विचारू नका. "मग पिल्लं पोचली का नाही ते आईला कोण सांगतं?" असं काहीतरी तो बोलेल बघा. तेव्हा सासूबाईंकडे बघा, कोरडेपणा कुठे आहे ते त्याच सांगतील.

आता तुमच्या मिस्टरांचं. खरं सांगायचं तर मला सासूबाईंच्या म्हणण्यापेक्षा ह्याची जास्त भीती वाटते, कारण ते मुलाच्या आवडीच्या बाजूने बोलतायत असं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. जनरल नॉलेजचं पुस्तक वेगळं आणि मी ज्याबद्दल बोलतेय ते वेगळं. जीकेच्या पुस्तकात एका पानावर पंचवीस प्रश्न, सर्वात उंच, सर्वात लांब, सर्वात जुनं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. चांगल्या नॉनफिक्शन पिक्चर बुकमध्ये, म्हणजे खऱ्या माहितीच्या चित्रपुस्तकात, साधारण बत्तीस पानं असतात आणि ती सगळी एकाच गोष्टीपाशी थांबलेली असतात, मुंगी तर मुंगी, पूल तर पूल. अर्धं काम चित्रं करतात. लिहिणाऱ्याने आणि चित्र काढणाऱ्याने ती मुंगी खरंच किती वेळ बघितली असेल ते पानापानावर दिसतं, आणि तसं बघायला मूल त्यांच्याकडूनच शिकतं. वाचून झालं की आपण लगेच "सांग बघू, कासव किती अंडी घालतं?" असं विचारलं की पोराला कळतं ही पण शाळाच आहे, आणि पुढच्या वेळी ते पुस्तक बघून पळतं. हे मी बऱ्याच घरांत होताना बघितलंय म्हणून इतकं ठासून लिहितेय. वाचल्यावर परीक्षा नको. त्यानेच प्रश्न विचारला आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर एका वहीत लिहून ठेवा, वहीचं नाव त्यालाच ठेवू दे, आणि पुढचं पुस्तक त्या वहीतल्या प्रश्नांवरून शोधा.

सासूबाईंना आणखी एक सांगता येईल. युरोपात मुलांसाठी म्हणून चित्रांचं जे पहिलं पुस्तक मानतात ते गोष्टीचं नव्हतंच. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गला छापून घेतलेलं ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’, त्यात सुरुवातीला प्राण्यांच्या आवाजावरून अक्षरं आहेत, अगदी पहिलं अक्षर कावळ्याच्या आवाजावरून, आणि पुढे झाडं, हवा, पाणी, माणसांचे कामधंदे असं आपल्या आजूबाजूचं जग चित्रांत मांडलंय, चित्रातल्या वस्तूला आकडा आणि बाजूला त्याच आकड्याने तिचं नाव. म्हणजे ‘हे काय आहे’ आणि ‘हे खरं कसं आहे’ हे विचारणाऱ्या पोरांसाठी पुस्तकं करायची रीत साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

मराठीत मिळत नाहीत ह्याबद्दल. खूप आहेत असं मी म्हणणार नाही, इंग्लिशमध्ये जेवढी येतात त्याच्या मानाने फारच कमी, आणि जी आहेत त्यातली बरीच भाषांतरं आहेत. पण अजिबात नाहीत असंही नाही, ती दुकानाच्या दर्शनी भागात नसतात एवढंच. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं आहेत आणि ती खरंच स्वस्त असतात. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन मुलांच्या चित्रपुस्तकांकडे मनापासून लक्ष देणारं आहे. चेन्नईचं तूलिका मराठीतही पुस्तकं काढतं. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलं, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, ते पिक्चर बुक नाही पण त्यातले निसर्गावरचे, विज्ञानावरचे सचित्र लेख एकेका रविवारी पुरतील असे आहेत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर तर मराठी, हिंदी, इंग्लिश पुस्तकांचा डोंगर आहे आणि वर कचऱ्यातून खेळणी कशी करायची तेही.

आणि तुमच्या गरजेला सगळ्यात जवळचं म्हणजे प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मुलांची पुस्तकं फुकट वाचता येतात अशी वेबसाइट. २०१५ पासून आहे. मराठीत पुस्तकं आहेत, कोकणीत आहेत, वाचनाच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत, विषय टाकून शोधता येतं, आणि एकच पुस्तक अनेक भाषांत असतं. तुमच्या मंडपातल्या मुलांसाठी ह्याहून सोयीचं मला दुसरं काही सुचत नाही, एकाने मराठीत वाचावं, तेच चित्र दुसऱ्याने इंग्लिशमध्ये बघावं.

पुस्तकांची नावं कुठून कळणार असा प्रश्न राहतो. टाटा ट्रस्ट्सचा ‘पराग’ म्हणून उपक्रम आहे, ते २०२० पासून दरवर्षी हिंदी-इंग्लिशमधल्या चांगल्या मुलांच्या पुस्तकांची यादी काढतात, त्यात नॉनफिक्शनही असतं. अमेरिकेत मुलांच्या माहितीपर पुस्तकांसाठी दोन मोठे पुरस्कार आहेत, एक सायबर्ट मेडल आणि दुसरा त्या कोमेनियसच्या पुस्तकाच्याच नावाने दिला जाणारा ऑर्बिस पिक्टस. ती पुस्तकं विकत घ्या असं मी सांगत नाहीये, परवडणार नाहीत, पण याद्यांमधून नावं उतरवून घ्या आणि वाचनालयात जाऊन विचारा. पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ सालची संस्था, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे, शनिवारी मुलाला घेऊन जा. तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी वाचनालय असतं, तिथे ग्रंथपालांना ‘मुलांची पुस्तकं कुठे’ असं विचारलंत तर ते गोष्टींच्याच कपाटाकडे बोट दाखवतील, त्याऐवजी ‘मुलांसाठी प्राण्यांवरची कुठे, यंत्रांवरची कुठे’ असं विचारा. बऱ्याच वाचनालयांत पुस्तकांना विषयाप्रमाणे ड्युई पद्धतीचे नंबर दिलेले असतात, तसे असतील तर ५२३ ला तारे आणि ग्रह, ५९० च्या पुढे प्राणी, ५९८ ला पक्षी, ६२९ ला गाड्या. मुलाला हे नंबर कागदावर लिहून द्या आणि शोधायला सोडा, तो तासभर तिथेच रमेल. पणजीतच बुकवर्म म्हणून मुलांच्या वाचनालयाची संस्था २००५ पासून काम करतेय, ती मंडळी शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये पुस्तकं घेऊन जातात, मुलांसमोर पुस्तक कसं उघडायचं हे बघायला एकदा जाऊन याच.

आता चांगलं कुठलं ते ओळखायचं कसं. मुखपृष्ठावर जाऊ नका, चकचकीत फोटोंवर तर अजिबात जाऊ नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि एकच चित्र नीट बघा. मुंगी असेल तर तिचे सहाच्या सहा पाय शरीराच्या मधल्या भागातून निघालेत का, की एखादा जोड मागच्या पोटाला चिकटवलाय? पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर उभे केलेत का? पेंग्विन दक्षिणेकडचे, पांढरं अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, त्यांची भेट होणंच शक्य नाही, तरी अशी चित्रं सर्रास असतात. भारतातल्या जंगलाच्या पानावर आफ्रिकेच्या हत्तीचे मोठे कान दिसतायत का? उंटाच्या मदारीत पाणी असतं असं लिहिलं असेल तर ठेवून द्या, तिथे चरबी असते. मग छपाईचं साल बघा. ग्रह नऊ दिले असतील तर पुस्तक २००६ च्या आधीचं किंवा आधीच्यावरून उतरवलेलं. डायनासोरच्या पुस्तकात एकाही डायनासोरला पिसं नसतील तर तेही जुनंच, कारण १९९६ पासून चीनमध्ये पिसांच्या खुणा असलेले जीवाश्म सापडतायत. घरात आधीच असलेल्या पुस्तकात ह्यातलं एखादं चुकीचं निघालं तर ते फेकू नका हां, उलट मुलांना सांगा की ह्यात एक चूक आहे, शोधा. "हे खरं आहे का" विचारणाऱ्या तुमच्या मुलासाठी ती मेजवानी आहे.

शेवटची पानं पण बघा. मनापासून केलेल्या पुस्तकात शेवटी बहुतेक वेळा एखादं पान असतं, लेखकाला हे कसं कळलं, कुठे जाऊन बघितलं, कोणाला विचारलं. आपण ते वाचत नाही, पण मुलांना ते वाचून दाखवा, कारण माहिती आकाशातून पडत नाही, कोणीतरी चिखलात उभं राहून मिळवतं, हे त्यातून कळतं. आणि एक माझं मत, मासा किंवा थेंब स्वतःच ‘मी आता तुम्हाला माझी कहाणी सांगतो’ म्हणत माहिती देतो अशी जी पुस्तकं असतात ती मला लहान मुलांसाठी फारशी पटत नाहीत, कुठपर्यंत खरं आणि कुठून कल्पना ते त्यांना कळत नाही, तुमचा मुलगा तर दुसऱ्याच पानावर उठेल.

रविवारी वाचताना काय करायचं ते फार ठरवू नका. मुलांना अर्धगोल बसवा, चित्र सगळ्यांना दिसेल असं धरा, फोनवर दाखवू नका, इतक्या लहान चित्रात मागच्या मुलाला काहीच दिसत नाही. इंग्लिश पुस्तक असेल तर आधी घरी वाचून घ्या आणि तिथे सरळ तुमच्या बोलीत सांगा, बोट चित्रावर ठेवून. मुलं घरात जे बोलतात त्यातच प्रश्न विचारतात, आणि आपल्याला प्रश्न हवे आहेत. नॉनफिक्शनचा एक मोठा फायदा असा की पहिल्या पानापासूनच सुरू केलं पाहिजे असं नाही. ज्या पोराला धड वाचता येत नाही ते सुद्धा मधलंच पान उघडून ‘हे बघ’ म्हणू शकतं आणि त्या दिवसापुरतं ते इतरांना काहीतरी सांगणारं होतं. अशा पोरावर तुमचं लक्ष असू दे.

पीडीएफचं उत्तर थोडक्यात देते. विकतच्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ घेऊ नका आणि पुढे पाठवू नका, मराठीत अशी पुस्तकं करणारे आधीच थोडे आहेत आणि त्यांची चार विकली गेली तरच पाचवं निघेल. स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं मात्र मोकळ्या परवान्याची आहेत, बिनधास्त डाउनलोड करा, मोठ्या कागदावर कलर प्रिंट काढा, लेखक आणि चित्रकाराचं नाव असलेलं पान तेवढं गाळू नका. तुमच्यापैकी कोणाला कोकणीत भाषांतर करून तिथे टाकायचं असेल तर तेही करता येतं.

आणि एक पुस्तक तुम्हीच करा. चवथीची माटोळी, म्हणजे गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर फळं बांधतो ती चौकट. रानातली, भाटातली म्हणजे बागायतीतली किती फळं बांधतो आपण, कांगल्या, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीचे घड, आणि दर वर्षी थोडी कमी होत जातात कारण कुठलं कुठे मिळतं ते माहीत असणारी माणसं कमी होतायत. ह्या विषयावर दुकानात शोधण्यापेक्षा तुमच्या सासूबाईंना विचारा. प्रत्येक मुलाला एक फळ वाटून द्या. त्याने ते हातात घेऊन बघून चित्र काढायचं, आठवणीतून नाही, कापून आतलंही काढायचं, बिया किती ते मोजायचं, आणि मग सासूबाईंसमोर बसून विचारायचं की हे झाड कुठे उगवतं, कोण आणायचं, माटोळी उतरल्यावर ह्याचं काय करायचे. उत्तर चार ओळींत चित्राखाली. शेवटच्या पानावर ‘ही माहिती कोणी दिली’ म्हणून त्यांचं नाव. ज्या आजीला वाटतंय की नातू आपल्या गोष्टी ऐकत नाही तिच्याकडे त्याला हव्या असलेल्या खऱ्या माहितीचा केवढा साठा आहे ते दोघांनाही कळेल, आणि ती सांगता सांगता जुन्या आठवणी सांगायला लागेल तेव्हा तो उठून जाणार नाही, कारण ते खरं असेल. मानशीवर (खाडीचं पाणी अडवायची दारं), खाजनावर (खाडीकाठची बांध घातलेली शेती), पदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या भट्टीवर असंच करता येईल, पण आधी माटोळी.

मिस्टरांना जेसीबीचं पुस्तक वाचायला बसवा. सांगायला मजेशीर गोष्ट, जेसीबी ही एका इंग्रज माणसाच्या नावाची अक्षरं आहेत, जोसेफ सिरिल बॅमफर्ड, त्याने १९४५ मध्ये कंपनी काढली आणि आता आपण पिवळ्या खोदाई मशीनला सरसकट जेसीबीच म्हणतो. तो एवढा मोठा हात वर कसा उचलतो ह्याचं उत्तर पुस्तकातल्या चित्रात असतं, नळीतल्या तेलावर दाब दिला की दुसऱ्या टोकाचा दट्ट्या सरकतो. दोन सुई नसलेल्या सिरिंज, एक लहान आणि एक मोठी, मधे बारीक प्लास्टिकची नळी, आत पाणी, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. लहान सिरिंज दाबली की मोठीचा दट्ट्या हळूच वर येतो, त्यावर एखादं पुस्तक ठेवून बघा. सिरिंज फार्मसीत मिळतात. हे बाबांनी केलं की जीकेचा विषय घरात परत निघणार नाही असं मला वाटतं.

पुस्तकं मुलांना घरी न्यायला द्या. एका वहीत नाव आणि पुस्तक लिहा, पुढच्या रविवारी परत, फाटलं तर ओरडू नका, टेप घेऊन तिथेच मुलाकडूनच चिकटवून घ्या. सुरुवातीला आठ-दहा पुस्तकं पुरतात, तीच तीच परत मागतील, परत परत द्या.